लंगड्या शेळीबद्दलचं माझं मत

इंटरनेटवर एका जुन्या गेमच्या पानावर खेळणाऱ्यांची शंभरेक मतं आहेत आणि त्यात सगळ्यात वर माझं आहे. त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले, म्हणून ते वर. गेम बनवणारी कंपनी बंद पडून पाच-सहा वर्षं झाली. तिची वेबसाइट उघडत नाही, पत्र पाठवलं तर परत येतं. माझं मत मात्र ठणठणीत आहे. दोन-चार महिन्यांनी कोणीतरी फिरकतं, वाचून हसतं आणि अजून एक अंगठा देऊन जातं. पूर्वी असा अंगठा आला की मला गुदगुल्या व्हायच्या. आता फोन वाजला की मी तो उलटा ठेवतो.

मी तेव्हा बीडला होतो. स्पर्धा परीक्षेचा क्लास लावला होता, स्टँडच्या मागे कॉट बेसिसवर राहत होतो आणि अभ्यास सोडून बाकी सगळं करत होतो. माझा रूम पार्टनर दिंद्रुडचा. त्याच्या घरचं कापडाचं दुकान, त्यामुळे त्याच्याकडे लॅपटॉप होता. दुपारी तो क्लासला गेला की लॅपटॉप माझा. त्यावरच मला ते गेम सापडले.

पुण्यातल्या पाच-सहा पोरापोरींनी मिळून काढलेली ती कंपनी. तिचे तीनच गेम आले, तिन्ही जुन्या काळातले, चारशे वर्षांपूर्वीच्या दख्खनमधले. मारामारी जवळजवळ नाही. तुम्ही आपलं चालायचं, माणसांशी बोलायचं, अडलेलं सोडवायचं आणि पुढे जायचं. पहिल्यात तुम्ही किल्ल्यावरच्या टाक्यांचं पाणी राखणारे. दुसऱ्यात कागद बनवणाऱ्यांच्या गावात चोरी होते. तिसऱ्यात तुम्ही जासूद, आणि एक निरोप नदीपार पोचवायचा असतो.

खरं सांगायचं तर मला गेमपेक्षा त्याखालची मतं वाचायला जास्त आवडायची. एकानं लिहिलं होतं, ‘तीन तास झाले, अजून एकही माणूस मेला नाही. तलवार कशाला दिली मग?’ दुसऱ्यानं लिहिलं होतं, ‘या चालीनं जासूद पोचेपर्यंत राज्य बुडालेलं असेल.’ एका गड्यानं किल्ल्याच्या पायऱ्या मोजल्या होत्या. खऱ्या किल्ल्यावर असतात तशाच लहान-मोठ्या आहेत, नुसतं बघून गुडघे दुखले, असं त्याचं म्हणणं. एका बाईंनी दुसऱ्या गेममधल्या जात्याचा आवाज आपल्या आईला ऐकवला होता. आई म्हणाली, जात्यात दाणे कमी पडलेत, म्हणून असं वाजतंय. बाईंनी ते तसंच्या तसं लिहिलं. महिन्याभरात गेमची दुरुस्ती आली आणि जात्याचा आवाज जड झाला. खाली कंपनीनं लिहिलं होतं, ‘आईंना सांगा, दाणे घातले.’

ते वाचून मला छान वाटलं होतं. थोडा जळफळाटही झाला होता. आपणही असं काहीतरी लिहावं की लोकांनी मान डोलवावी, असं वाटायला लागलं. परीक्षेत दोनदा आपटलेल्या माणसाला कुठेतरी शहाणं ठरायची फार घाई असते.

ती संधी तिसऱ्या गेमनं दिली. जासूद निरोप घेऊन निघतो आणि पाळत चुकवायला मेंढपाळांच्या कळपात मिसळतो. सिंदफणेसारखीच एक नदी लागते. कळप पार नेला तरच पुढे जाता येतं, आणि मेंढरं काही केल्या पाण्यात उतरत नाहीत. मी मागून हाकलली, काठी आपटली, कुत्रं सोडलं, चारा दाखवला. ती काठावर उभी ती उभीच. दोन दिवस मी त्या नदीवर डोकं फोडलं. शेवटी कंटाळून कोणीतरी लिहिलेलं उत्तर वाचलं. कळपात चार-पाच शेळ्या असतात, त्यातली एक लंगडी. तिला आधी पाण्यात घालायचं. ती निघाली की मेंढरं तिच्यामागे येतात.

माझं टाळकंच फिरलं. मी मेंढपाळाच्या घरातला. आमची मेंढरं सिरसाळ्यापासून नदीकाठापर्यंत वर्षानुवर्षं फिरली. मला कोण शिकवणार मेंढरं? मी गेम तिथेच बंद केला आणि लिहायला बसलो.

‘मी मेंढपाळाचा पोरगा आहे. मेंढरं मागून हाकतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. इथे मात्र शेळी पुढे गेल्याशिवाय मेंढरू पाण्यात पाय घालत नाही म्हणे. आणि तीही लंगडी! बनवणाऱ्यांनी मेंढरू फक्त ताटात पाहिलेलं दिसतंय.’

संध्याकाळपर्यंत अंगठ्यांची रांग लागली. ताटातलं मेंढरू लोकांना भलतंच आवडलं. दिंद्रुडच्या माझ्या पार्टनरनं वाचलं आणि तो खाटेवर लोळून हसला. म्हणाला, “काय बे, लईच हाणलंस की!” पुढच्या आठवड्यात ज्यांनी गेम विकतही घेतला नव्हता ते लोक लंगड्या शेळीवर विनोद करत होते. नवं मत लिहिणारा प्रत्येक जण ‘वर मेंढपाळ भावानं सांगितलंच आहे’ असं लिहून माझी साक्ष काढायचा. मी एकाएकी तज्ज्ञ झालो होतो.

कंपनीनं माझ्या मताखाली उत्तर लिहिलं. ते मला अजून पाठ आहे. ‘नमस्कार. हे आम्ही एका जाणत्या मेंढपाळाकडून शिकलो आणि नदीवर डोळ्यांनी पाहिलं. तरी आमची समजूत चुकली असू शकते. तुमच्या घरी वडीलधाऱ्यांना एकदा विचारून सांगाल का? चुकलं असेल तर आम्ही बदलू.’

एक फोन करायचा होता. फोन खिशात होता, अण्णांचा नंबर पहिलाच होता. मी काय केलं, तर लगेच खाली लिहिलं, ‘घरी विचारायची गरज नाही. माझा जन्म मेंढरांत गेलाय.’

यातला शब्दन् शब्द खोटा होता. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी मला चौथीतच वसतिगृहात घातलं होतं. मेंढरांचा आणि माझा संबंध दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपुरता. तेव्हाही ते मला रानात मुक्कामाला नेत नसत. “तुला या धुळीत आनायचं न्हाई मला,” म्हणायचे. हट्टच केला तर गावापासून डांबरी सडक संपेपर्यंत कळपामागे चालू द्यायचे आणि तिथून माघारी पाठवायचे. नदी पुढे दोन कोसांवर असायची. तिथे कळप कसा उतरतो ते मी एकदाही पाहिलेलं नव्हतं. माझ्या आठवणीत मेंढरं म्हणजे मागून दिसणाऱ्या शेपट्या आणि धूळ. मी लिहिलं तेही तेवढ्याच जोरावर.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती याच्या वर्षभर आधीची आहे आणि तेव्हा मला तिचा अर्थ कळला नव्हता.

अण्णांचा एकदा फोन आला. आवाज खुशीत. “पुन्याची पोरं आलती रे. दोन पोरं अन् एक पोरगी. दोन दिस मेंढरामागं हिंडली. नुसती चित्रं काढती अन् इचारती.”

मी बीडमध्ये राहून हुशार झालेला. मी म्हणालो, “अण्णा, कुठं सही-बिही केली न्हाई ना? आधार नंबर मागितला तर देऊ नका.”

“न्हाई रे. त्यांनी कायबी मागितलं न्हाई. भाकरी खाल्ली अन् गेली. संगणकावर काय तरी करनार हायेत मेंढरांचं. झालं की दाखवाया येतो म्हनली.”

मला वाटलं, कसला तरी सर्व्हे असेल. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी अण्णा फोनवर सगळं बोलून झालं की शेवटी विचारायचे, “त्या पोरांचं काय झालं, कळलं का रे कुठं?” मी म्हणायचो, “मला काय माहीत अण्णा, मी काय पुण्यात राहतो का?” आणि फोन ठेवायचो. कधीकधी फोन ठेवून लॅपटॉप उघडायचो आणि माझे अंगठे मोजायचो.

वर्षा-दीड वर्षात कंपनी बंद पडली. त्याचं सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडून घेण्याइतका मी स्वतःला मोठा समजत नाही. त्यांचे गेम संथ होते, लोकांना तलवारी हव्या होत्या, हे खरंच आहे. त्यांनी शेवटी निरोपाचं एक पत्र टाकलं होतं. मी ते तेव्हा वरवर चाळलं आणि विसरून गेलो. परीक्षेचा नादही सुटला. मी सिरसाळ्याला परतलो आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, जे येईल ते. अण्णांचे गुडघे गेले होते. मेंढरं चुलत्यांच्या कळपात गेली आणि अण्णा दुपारचे माझ्या दुकानात येऊन शटरजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायला लागले. रस्त्यानं कोणाचा कळप गेला तर उठून दारात उभे राहायचे आणि शेवटचं मेंढरू जाईपर्यंत बसायचे नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात कोणीतरी ते तिन्ही गेम फुकटात उतरवायला ठेवले. कंपनीतल्याच एकानं परवानगी दिली होती म्हणे. फॉर्मची गर्दी नव्हती. मी सहज तिसरा गेम उतरवला. म्हटलं, त्या नदीपुढे होतं तरी काय ते बघू. शेळी पाण्यात घातली, मुकाट्यानं मेंढरं पार केली आणि चार दुपारी खेळून गेम संपवला. नदीपुढचा भाग इतका सुरेख होता की मला माझाच राग आला. शेवटी बनवणाऱ्यांची नावं सरकायला लागली आणि सगळ्यात खाली एक ओळ आली.

‘सिरसाळ्याकडच्या त्या मेंढपाळ काकांना, ज्यांनी दोन दिवस भाकरी दिली, सगळं शिकवलं, पण नाव लिहू दिलं नाही. आणि त्यांच्या लंगड्या शेळीला.’

मी ती ओळ पाहिली आणि शटरकडे पाहिलं. अण्णा खुर्चीत डुलक्या घेत होते.

मग मी ते निरोपाचं पत्र शोधून काढलं आणि या वेळी नीट वाचलं. त्यात एक परिच्छेद होता. एका मेंढपाळ काकांना गेम दाखवायला जायचं कबूल केलं होतं, पण त्यांनी शिकवलेल्या गोष्टीलाच लोक इतके हसले की ते त्यांना कोणत्या तोंडानं दाखवायचं, ते कळेना. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहून गेलं. एवढंच लिहिलं होतं. माझ्याबद्दल वाईट शब्द नव्हता. असता तर बरं झालं असतं.

म्हणजे अण्णा फोनवर ज्यांची चौकशी करत होते त्यांची वाट मीच अडवली होती. रागानं नाही, वैरानं नाही. शंभर अनोळखी माणसांनी मान डोलवावी म्हणून. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

माझं मत एका क्लिकवर पुसता आलं असतं. मी बटणापर्यंत गेलोही. पण ते पुसलं की त्याखालचं त्यांचं उत्तरही जाणार होतं, ‘वडीलधाऱ्यांना एकदा विचारून सांगाल का’ हे. ते मला पुसवेना. मी त्याखाली लिहिलं, ‘विचारलं नव्हतं. तुमचं बरोबर होतं. माफ करा.’ त्याला आजपर्यंत एकही अंगठा आला नाही. ज्यांनी वाचायला हवं ते तिथे राहिलेलेच नाहीत.

अण्णांना दाखवायचं तरी माझ्या हातात होतं. ठरवूनही मी आठ दिवस काढले. दाखवायचं म्हणजे सगळं सांगायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं. मग एका दुपारी दुकानात कोणी नसताना त्यांची खुर्ची संगणकासमोर ओढली. म्हटलं, “अण्णा, ती पुन्याची पोरं आठवतात का? त्यांनी केलेलं सापडलं.”

“सापडलं?” त्यांनी चष्मा पुसला. “मी म्हनलं व्हतं, पोरं खोटी न्हाईत.”

मी सरळ नदीवरच नेलं. काठावर मेंढरं उभी राहिली. मी मुद्दामच मागून हाकायला लागलो. अण्णांना दम निघेना. “मागून हानून काय व्हतंय? मेंढरू पान्याला भितंय. शेळी घाल की पुढं! ती बघ, ती लंगडी. आरं, ही तर आपलीच!”

शेळी पाण्यात उतरली तशी अण्णांनी तोंडानं हाळी दिली. कळपाला पुढे बोलवायची हाळी, अस्सल, मोठ्यानं. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं डोकावून पाहिलं. मेंढरं एकामागे एक पाण्यात शिरली आणि अण्णा शेवटचं मेंढरू पार होईपर्यंत खुर्चीतून अर्धे उठून उभे होते. मग बसले. डोळे पुसले आणि म्हणाले, “पाय तेवढा चुकला बघ. तिचा डावा लंगडा व्हता, ह्यांनी उजवा केला. बाकी लई झ्याक.” थोड्या वेळानं म्हणाले, “दाखवाया आली न्हाईत पन. कामात असतील.”

“त्यांची कंपनी बंद पडली, अण्णा.”

“कावून?”

“चालली नाही.”

त्यांनी खुर्ची अजून जवळ ओढली. मग म्हणाले, “लोक काय म्हनले पन? बघितलं असंल की लोकांनी.”

मी मतांचं पान उघडलं आणि पायऱ्या मोजणाऱ्याचं वाचून दाखवलं. जात्याचं वाचलं. त्यावर ते खूष झाले. “बाई जानती हाय,” म्हणाले. अजून दोन चांगली चांगली वाचली. अण्णांना वाचता येत नाही, पण नजर मेंढपाळाची. त्यांनी काठी उचलून पडद्याच्या वरच्या बाजूला टेकवली.

“हे कावून सोडलं? सगळ्यात वर हाय. मोठ्या मानसाचं असंल.”

“ते जुनं आहे, अण्णा.”

“वाच की.”

इथेच सांगायचं होतं. मी वाचलं. एकही शब्द गाळला नाही. शेंबडं पोर वाचलं, लंगडी वाचली, ताटातलं मेंढरू वाचलं. आवाज माझा मलाच परका वाटत होता. खालचं त्यांचं उत्तर वाचलं आणि घरी विचारायची गरज नाही, हेही वाचलं. त्याच्याखाली माझी माफी होती. ती मात्र मी वाचली नाही; पान तिथेच थांबवलं.

अण्णांची काठी अजून पडद्यावरच टेकलेली होती.

“मेंढपाळाचं पोरगं हाय म्हनतंय?”

“हो.”

“कुन्या गावचं?”

“लिहिलेलं नाही.”

मला वाटलं, आता शिवी येईल. शिवी आली असती तर मी त्याच झपाट्यात सांगून टाकलं असतं. पण अण्णांनी काठी खाली ठेवली, गुडघ्यावरून हात फिरवला आणि एकदम हळू बोलले, “पोराला बोलून काय उपेग? त्याला नदीवर कदी नेलंच नसंल. शिकावं म्हनून घरी ठिवलं असंल, धुळीत नगं म्हनून. त्याला कसं कळावं? ही बापाची चूक हाय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “व्हय ना रे?”

मी ‘हो’ म्हणालो.